शेन गो ले

नातीला सुप्याच्या कारखान्यात नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर तिने आम्हा सगळ्यांना जेवायला न्यायचं ठरवलं. सगळे म्हणजे मी, आमची ही, मुलगा आणि सूनबाई. मी म्हटलं, कुठेतरी साधी थाळी खाऊ. नात म्हणाली, "आबा, थाळी तुम्ही रोज खाताच. आज माझ्या पसंतीचं."

तिच्या पसंतीचं म्हणजे नगरच्या सावेडीत नवीन निघालेलं चायनीज फ्यूजन. तिथे पूर्वी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, नोकरीत असताना मी कितीदा बेअरिंग घ्यायला तिथे गेलो असेन. आता दारात काळ्या दगडाचं कुंड, त्यात तरंगणारे दिवे, वर बांबू आणि तांबडे कागदी कंदील. आत गेलो तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"लाईट गेली का हो इथली?" हिने विचारलं.

"आई, इथे मुद्दाम असं ठेवतात," मुलगा म्हणाला.

"मुद्दाम? मग काय वाढलं ते कळायचं कसं?"

"खाल्ल्यावर," नात म्हणाली आणि आजीचा हात धरून तिला कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेली.

मेनू कागदावर नव्हता. टेबलावरच्या चौकोनी ठिपक्यांवर मोबाईल धरला की यायचा. नात वाचायची आणि आम्ही ऐकायचो. ठेचा मोमो. शेजवान थालीपीठ. पुरणाचे तळलेले वॉन्टन. एकेका नावाला सूनबाई हसत होती आणि मी नुसता ऐकत होतो. ठेचा आणि मोमो यांची सोयरीक कोणी जमवली, हे मला समजेना.

"आणि हे बघा, यांची खासियत," नात म्हणाली. "शेन गो ले. हाताने वळलेले नूडल्स, लसणाच्या धुरकट रश्शात."

"शेन गो ले म्हणजे?" मी विचारलं.

"चीनमधलं एखादं गाव असेल," मुलगा म्हणाला.

"कशाचे असतात ते विचार बाई आधी," सूनबाई म्हणाली. "बेडूक-बिडूक नको."

"व्हेज आहे मम्मी. लिहिलंय ना, हेरिटेज ग्रॅम. ग्रॅम म्हणजे आपलं डाळीचं पीठच."

तिने दोन वाडगे मागवले, एक आमच्या दोघांत आणि एक त्या तिघांत.

मोमो आले, थालीपीठ आलं. हिने त्या दोन काड्या स्वेटर विणायच्या सुयांसारख्या धरल्या, दोन टाके घातल्यासारखं केलं आणि बाजूला ठेवून दिल्या. सगळे हसले. मीही हसत होतो. मग तो वाडगा आला. काळा, खोल, वर लाकडी झाकण. वाढणाऱ्याने ते झाकण उचललं आणि वाफ आमच्या दोघांच्या तोंडावर आली.

मी गार पडलो.

लसूण, जिरं, मिरची आणि त्यांच्या खालून येणारा तो मातकट, उग्र, उकडलेल्या हुलग्याचा वास. तो मी कधीच विसरलो नव्हतो. घट्टसर लालभडक रश्शात बोटाएवढ्या जाडीचे वळ पडले होते. वर कांद्याची पात आणि तीळ टाकलेले, पण त्यांनी काय लपणार? हे शेंगोळे होते. हुलग्याचे, म्हणजे कुळथाच्या पिठाचे शेंगोळे. पाथर्डीकडच्या घराघरांत थंडीत चुलीवर रटरटतात तेच. कोणीतरी नावाचे तीन तुकडे केले होते आणि आम्ही नगरची माणसं ते चिनी समजून मागवून बसलो होतो.

मी हिच्याकडे पाहिलं. तिला झाकण उघडायच्या आधीच कळलं असावं. उजव्या हाताने तिने पदर पुढे ओढला आणि डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत झाकून घेतला.

"आजीला एसी लागतोय," नात म्हणाली.

तिला एसी लागत नव्हता. पदराची ती हालचाल मला ठाऊक होती. तिचं कारण मी होतो.

आता ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

लग्न झालं तेव्हा मी नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. ही पाथर्डी तालुक्यातली. तिचा थोरला भाऊ दर वर्षी ऊसतोडीला जायचा आणि टोळीबरोबर निघण्याआधी एसटीने येऊन बहिणीला भेटून जायचा. येताना खांद्यावर हुलग्याची पिशवी. आपल्या वावरातले, हिच्या वहिनीने निवडून पाखडून दिलेले. ही ते भाजून दळून आणायची आणि शेंगोळे करायची. तिच्या घरी हे रोजचं खाणं असलं, तरी वळत बसायला वेळ लागतो, म्हणून पाहुणा आला की मुद्दाम करायचे.

म्हणूनच तर तिने त्या दिवशी केले. आमचे पुण्याचे साहेब बायकोसह शिर्डीला निघाले होते आणि वाटेत आमच्याकडे जेवायला थांबले. मी हिला सांगितलं होतं, काहीतरी चांगलं कर. तिने तिच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं ते केलं. साहेबांच्या बाईंनी पहिला घास घेऊन विचारलं, "हे कशाचं आहे हो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हुलगे? म्हणजे घोड्यांना घालतात ते?" आणि हसल्या. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे आज मला कळतं. साहेबांनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पण मला वाटलं, ते माझी कीव करून खाताहेत. माझे कान तापले होते.

हिला मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. ती भांडली असती, रडली असती, काहीतरी झालं असतं. त्याऐवजी मी मेव्हणा यायची वाट पाहिली. तो नेहमीसारखा आला, खांद्यावरची पिशवी दारात उतरवली आणि मी म्हणालो, "दादा, हे आता आणू नका. हिला हुलगा बाधतो. अंगावर पित्त उठतं. डॉक्टरांनी बंद केलाय."

ही चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आँ? कवापासनं?" मेव्हणा म्हणाला. "लहानपनी तर परात चाटून खायची ही. बाई, दाव बरं हात."

हिने कपबशी खाली ठेवली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर ओढून डावा हात झाकून घेतला आणि म्हणाली, "आता बसलंय दादा. मघाशी होतं."

मेव्हणा पिशवी घेऊन परत गेला. पुढच्या वर्षापासून तो बाजरी आणू लागला.

एवढंच. पण ते खोटं घरात राहायला आलं आणि मोठं झालं. मुलाला मामाकडून कळलं की आईला हुलगा चालत नाही. सूनबाई आली तर तिला मुलाने सांगितलं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कशाची ॲलर्जी? मुलगा म्हणाला, हुलग्याची. डॉक्टर म्हणाले, "हुलगा कोण?" हा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात आणि हसतात. मीही दर वेळी हसत आलो आहे.

तर असं सगळं त्या काळोखात माझ्यापुढे उभं होतं आणि ही जेवत होती. चमच्याने नाही. तिने सरळ बोटांनी एक वळ उचलला, रश्शात घोळला आणि तोंडात घातला. डोळे मिटले. मग दुसरा. आमच्या दोघांतल्या वाडग्यातला एकही माझ्या वाट्याला येईल असं दिसेना, आणि मला तो हवाही नव्हता.

"आजीला शेन गो ले आवडलं!" नात खूश झाली. "आजी, मी तुला पुन्हा आणीन हं."

तेवढ्यात वाढणारा पाणी घालायला आला. त्याने हिचं बोटांनी खाणं पाहिलं आणि त्याचा काळा टी-शर्ट, इंग्रजी वागणं सगळं क्षणात गळून पडलं.

"आजी, वळखलं ना तुमी? आपले शेंगोळे हायेत. हुलग्याचे."

मुलाच्या हातातली काडी खाली पडली.

"कशाचे?"

"हुलग्याचे, सर."

पुढे काय झालं ते नीट क्रमाने सांगता येणार नाही, कारण सगळंच एकदम झालं. मुलगा उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "आई, थांब! थुंक ते!" सूनबाई पर्समध्ये गोळ्या शोधू लागली. सेट्रिझिन, सेट्रिझिन असं स्वतःशीच म्हणत होती. नात रडवेली झाली, "मीच मागवलं, मला काय माहीत, ग्रॅम लिहिलं होतं." वाढणारा बिचारा हात जोडून उभा. शेजारच्या टेबलांवरची माणसं मोबाईलचे दिवे लावून आमच्याकडे बघू लागली. मुलाने हिच्या पुढचा वाडगा उचलला.

"तो खाली ठेव," ही म्हणाली.

"आई, वेड लागलंय का? चल, आधी दवाखान्यात. बाबा, उठा. गाडी काढतो."

सूनबाईने हिचा डावा हात धरून पदर वर सारला आणि मोबाईलच्या उजेडात पुरळ शोधू लागली. गोरा, सुरकुतलेला, स्वच्छ हात. काहीच नव्हतं.

"अजून उठलं नाहीये," सूनबाई म्हणाली. "पण उठेल."

ही माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी चहाची कपबशी खाली ठेवताना पाहिलं होतं, तसंच. आणि मला कळलं की ती आताही काही बोलणार नाही. तिला उचलून दवाखान्यात नेतील, सुई टोचतील, ती टोचून घेईल, पण मला खोटं पाडणार नाही. वाडगा मुलाच्या हातात होता. त्यात अजून निम्मे शेंगोळे होते.

"उठणार नाही," मी म्हणालो.

"काय?"

"काही उठणार नाही. तिला हुलगा बाधत नाही. कधीच बाधला नव्हता. मी खोटं सांगितलं होतं."

"कोणाला?"

"तुझ्या मामाला. तुम्हाला त्याच्याकडून कळलं."

मुलगा वाडगा हातात धरून तसाच उभा. सूनबाईच्या हातात हिचा हात तसाच. मी साहेबांचं, त्यांच्या बाईंचं, घोड्यांचं, सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते इतकं क्षुल्लक वाटत होतं की लाज वाटली. एवढ्यासाठी?

"आई," मुलगा म्हणाला, "तू का नाही बोललीस कधी?"

"तोंडात घास आहे," ती म्हणाली. आणि खरोखरच होता, पोरांच्या वाडग्यातून उचललेला. तो गिळून तिने मुलाच्या हातातल्या वाडग्याकडे बोट दाखवलं. "आण इकडे. गार होतंय."

मुलाने वाडगा ठेवला. नात रडतारडता हसली. मला वाटलं, सुटलो. इतकी वर्षं ज्याचं ओझं बाळगलं, ते दोन मिनिटांत उतरलं. आणि त्या सुटकेच्या भरात माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मनाला समजावायला मी ते नेहमी वापरत आलो होतो. त्याच्यावरच तर मला रात्री झोप लागत होती.

"इथे नाही, पण माहेरी गेलीस की खात असशीलच."

हिचा हात वाडग्यातच थांबला.

"माहेरी?" ती म्हणाली. "माहेरी कोण देणार मला? तुम्ही सांगितलं कोणाला होतं?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी ज्याला खोटं सांगितलं तो तिचा भाऊ होता, माहेर त्याचंच होतं. एवढी साधी गोष्ट. कारखान्यात माणसांच्या चुका पकडण्यात माझं आयुष्य गेलं आणि ही माझीच चूक मला दिसली नाही.

"मी येणार म्हटलं की वैनी हुलग्याचं पातेलं घराबाहेर ठेवायची," ती सांगू लागली. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "वासानंसुद्धा पित्त उठेल म्हणून. पोरांना शेंगोळे खायचे असले तर शेजारी जाऊन खायची. दादानं तर वावरात हुलगा लावायचाच सोडला. त्या पट्ट्यात मूग करायला लागला. का, तर बहीण सणासुदीला येते, बांधावर फिरते."

"मग तू सांगायचंस की त्याला," मी म्हणालो.

"काय सांगायचं? तुमचे दाजी खोटारडे आहेत म्हणून?"

ती पुढे म्हणाली, "शेवटच्या दुखण्यात होता ना, तेव्हा मी उशाशी बसले होते. मला म्हणाला, बाई, अजून उठतं का गं अंगावर? मी म्हटलं, उठतं दादा, पण आता लई कमी."

मेव्हणा जाऊन काही वर्षं झाली. त्याच्या दुखण्यात मी दाराबाहेर ओट्यावर बसलो होतो. आत असं काही बोलणं झालं, हे मला त्या चायनीज टेबलावर कळलं.

"मला सांगून काय उपयोग?" ही म्हणाली. "मला ठाऊकच होतं. वैनीला सांगा."

"सांगू. एकदा जाऊन—"

"आत्ता."

नातीने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्यापुढे धरला. "हॅलो वहिनी," मी म्हणालो.

"हॅलो? कोन? दाजी?" वहिनींचा आवाज एकदम चढला. "तुमी कसा काय फोन केला? वन्सं बऱ्या हायेत न्हवं?"

मी कधी फोन करतच नाही, म्हणून त्यांना वाटलं हिचं काही बरंवाईट झालं. तिथूनच सुरुवात झाली. मी म्हटलं, बरी आहे, शेंगोळे खातेय. पलीकडून किंकाळीच आली. "आगं आई! कुनी दिलं?" मग मी सगळं सांगितलं. या वेळी साहेबांना आणि त्यांच्या बाईंना मध्ये आणलं नाही. हुलगे घोड्यांचं खाणं, म्हणून मला लाज वाटली आणि मी खोटं बोललो, एवढंच म्हणालो.

पलीकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"व्हय?" मग त्या म्हणाल्या. "घोड्यांचं वाटलं व्हय तुमाला? मंग आमी समदी घोडीच की. आन् तुमी घोड्याघरची बायकू केली, त्याचं काय?"

मुलाने तोंडावर रुमाल धरला. मी म्हटलं, "चुकलं वहिनी."

"चुकलं म्हनं! मी त्या पातेल्याला हुंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई, वन्संचा पाय घरात हाय तवर. धनी जेवायला बसलं की म्हनायचं, माझ्या पिशवीनं बहिनीला दुखनं लावलं." त्या थांबल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "फोन तिला द्या."

त्या जन्मभर हिला वन्सं म्हणत आल्या, अहो-जाहो करत आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "आन् तू गं भवाने! मला बी न्हाई बोललीस? मी काय तुज्या नवऱ्याला फाशी देनार हुते?"

"दिली असतीस," ही म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता कोण कधी रडायला लागली ते त्या अंधारात दिसलं नाही. फोन ठेवायच्या आधी वहिनींनी मला बजावलं, "या दोगं. पर समद्यांम्होरं पुन्यांदा सांगायचं. पोरांना, सुनांना. आन् कागदावर ल्ह्या, म्हंजी माझ्यामागं कुनी म्हननार न्हाई की पित्त हुतं."

म्हणून हे लिहिलं.

निघताना तो वाढणारा पुन्हा आला, घाबरत घाबरत. "आजी, कसं वाटलं?"

"लसूण कमी पडला," ही म्हणाली. "आणि वळताना तळहाताला तेल जास्त लावताय. बाकी नाव चांगलं ठेवलंय."

पुढच्या रविवारी आम्ही पाथर्डीला गेलो. ओट्यावर सगळे जमले होते. हिचे भाचे, सुना, त्यांची मुलं. मी उभं राहून सांगितलं. मोठा भाचा उठून गोठ्याकडे गेला आणि जेवण होईपर्यंत परत आला नाही. त्याचा बाप ते दुःख घेऊन गेला, मी त्याच्यापाशी काय मागणार? वहिनींनी मला परातीपुढे बसवलं. माझे शेंगोळे जाडे-बारीक झाले आणि उकळत्या पाण्यात निम्मे फुटले. त्यांनी ते वेगळे काढले नाहीत.

पंगत बसली. हिच्या ताटात पहिला डाव पडला. वाफ वर आली आणि हिचा उजवा हात आपोआप पदराकडे गेला. डावा हात झाकायला. सगळ्या पंगतीने ते पाहिलं.

वहिनींनी वाढता वाढता वाकून तो पदर मागे सारला.

"आता कशाला झाकतीस?" त्या म्हणाल्या. "खा."